बॉक्सिंगमध्ये १९६७ चा मुहम्मद अली विरुद्ध १९८८ चा माइक टायसन: कोण जिंकेल?

माझं मत अलीला, पण पहिल्या चार फेऱ्या निभावल्या तरच. १९८८ च्या टायसनने स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं होतं. शिवाय अलीची एक सवय घातक होती: ठोसा चुकवायला तो मान सरळ मागे न्यायचा आणि हात खाली ठेवायचा. १९७१ मध्ये फ्रेझरच्या डाव्या हुकने (कडेने वळवून मारलेल्या ठोशाने) त्याला पाडलं, आणि डावा हुक हे तर टायसनचं हुकमी अस्त्र.

पण अलीचा हात टायसनपेक्षा सुमारे सात इंच लांब. बंदीआधीचा अली (१९६७ मध्ये सैन्यभरती नाकारल्याने त्याच्यावर बंदी आली) १५ फेऱ्या नाचत जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, मारू शकायचा. प्रतिस्पर्धी जवळ आला की त्याच्या मानेला मिठी मारून वेळ काढायचा, हीही अलीची खोड (नियमात बसो न बसो!). १९९० मध्ये टोकियोत उंच डग्लसने जॅब आणि मिठ्यांनीच टायसनला दमवलं आणि दहाव्या फेरीत नॉकआउट केलं. त्या वेळी टायसनची तयारी ढिली होती, हे मान्य. तरी लांब हाताच्या, न घाबरणाऱ्या माणसापुढे तो चिडतो हे दिसलंच.

दहाव्या-बाराव्या फेरीत पंच लढत थांबवतील, अली विजयी.