सोसायटीत 'पोलीस मित्र' व्हा म्हणून फॉर्म आलाय. व्हावं का? कम्युनिटी पोलिसिंगनं खरंच काही होतं, की नुसतं चहा-बिस्किट?

फॉर्म भरून मिळणाऱ्या 'पोलीस मित्र' कार्डाचं शेवटी सांगतो. तुमच्या प्रश्नातल्या 'चहा-बिस्किट' या शब्दावर हात थांबला म्हणून लिहायला बसलो. हाच शब्द आमचे साडू प्रत्येक लग्नाकार्यात माझ्या तोंडावर मारतात. तेही खात्यातलेच. सगळी उमेद त्यांनी डीबीत घालवली, गुन्हे उघडकीला आणण्यात. त्यांच्या मते पोलिसानं खबरी पाळावेत, आरोपी उचलावेत, बाकी सगळं नाटक. मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि माझी सुरुवात भिवंडीत झाली. तिथं जे पाहिलं ते नाटक नव्हतं.

१९७० साली भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून पेटलं. त्यावर न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला आणि त्यानं पोलिसांच्या पक्षपातावर कोरडे ओढले. १९८४ला पुन्हा तेच, आणि आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली. मी नवा शिपाई म्हणून हजर झालो तेव्हा गल्लीत शिरलं की लोक दारं लोटून घ्यायचे. दोन्हीकडचे. हे दोन्हीकडचे मुद्दाम लिहितोय.

१९८८ला सुरेश खोपडे साहेब पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समिती त्याआधीही होतीच. नगरसेवक, ट्रस्टी, मंडळांचे अध्यक्ष, सणाच्या आदल्या आठवड्यात एक बैठक, समोसे, फोटो. साहेबांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, सत्तरच्या आसपास. दोन्ही समाजांची माणसं सारखी, पुढारी नकोत, गल्लीतली साधी माणसं हवीत. आणि माझ्या मते खरी गोम इथं आहे : कमिटीचं काम खाली शिपाई-हवालदारापर्यंत दिलं. तोवर शिपायाचं काम काय, तर काठी घेऊन उभं राहायचं आणि साहेबांच्या गाडीचं दार उघडायचं.

माझ्याकडे आलेल्या गल्लीत एका अंगाला मोमिनांचे, म्हणजे मुस्लिम विणकरांचे लूम (यंत्रमाग), दुसऱ्या अंगाला पद्मशाली, म्हणजे तेलुगू हिंदू विणकर, आणि आपली मराठी घरं. पहिल्या बैठकीला मी हिंदू-मुस्लिम ऐक्यावर चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. कुणी ऐकली नाहीत. सगळे तुंबलेल्या गटारावर बोलत होते. मी वैतागून साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले गटाराचंच लिहून आण.

मग निघालं एका लूमचं भांडण. एक निवृत्त शिक्षक होते, त्यांच्या घराच्या भिंतीला लागूनच शेजारच्या शेठचे लूम. दोन पाळ्या, बारा-बारा तास. मास्तरांच्या पत्नीला हृदयविकार, रात्रभर भिंत थरथरायची. मास्तरांनी तक्रार दिली, ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद झाली. मग शिवीगाळ झाली म्हणून उलटी एनसी. मग दोघांवर १०७ची चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखायची हमी घेणारी कारवाई (हल्ली ते कलम १२६ झालंय), दोघेही कामधंदा सोडून एसीपींसमोर, म्हणजे सहायक आयुक्तांसमोर, तारखांना उभे. कागद सगळे बरोबर, आणि भिंत थरथरतेच आहे. तोवर नाक्यावरच्या मंडळाच्या पोरांना बातमी लागली होती आणि मास्तरांचं भांडण आता 'आपल्या माणसाचं' भांडण व्हायला लागलं होतं. शेठच्या बाजूलाही तसंच. दंगल मशिदीपासून किंवा मिरवणुकीपासून सुरू होते असं पेपरात येतं. तिला लागणारा दारूगोळा असा भिंतीभिंतीत आधी साठलेला असतो.

कमिटीत विषय आला तेव्हा शेठ आणि मास्तर एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हते. बोलला तो तिसराच, शेठकडचा जॉबर, म्हणजे लूमची देखभाल करणारा कारागीर. म्हणाला, भिंतीला चिकटलेले दोन लूम जरा पुढे ओढले आणि पायाखाली रबर घातलं तर निम्मा हादरा कमी होईल, पण सुताच्या कांड्या भरायचं मशीन मध्ये येतंय. जागेचं काय? समोर एक चहावाले चाचा होते, त्यांची मागची पडवी मोकळी होती. भाडं ठरलं, कांडीचं मशीन तिकडे गेलं, लूम सरकले. माझं काम एवढंच की लूम सरकवायच्या दिवशी दुपारभर मी तिथं उभा होतो, म्हणजे कुणी आगाऊपणा करू नये. केस दोघांनी मिटवून टाकल्या. साडूंना हे सांगितलं की ते हसतात, "पोलिसानं लूम सरकवले!" हो, सरकवले.

आता डिसेंबर १९९२. ६ तारखेला बाबरी मशीद पाडली आणि मुंबई पेटली. दोन टप्प्यांत मिळून ९०० माणसं गेल्याचं श्रीकृष्ण आयोगानं नोंदवलंय. मुंबईपासून भिवंडी किती लांब आहे ते तुम्हाला माहीत असेल. त्या रात्रींपैकी एका रात्री गल्लीत अफवा आली की पलीकडच्या वस्तीत देवळाची नासधूस झालीय. मास्तर आणि तो जॉबर गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसले होते. त्यांनी चौकीवर पोरगं पाठवलं, "हवालदारसाहेबांना विचार, खरं आहे का." मी तेव्हा शिपाईच होतो, पण असू दे.

पोलिसावरचा विश्वास मला मोजायला सांगितलात तर मी एवढंच बघेन, की अफवा आल्यावर माणूस आधी दगड उचलतो की आधी विचारतो. मी दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बरोबर घेतला, त्या वस्तीत गेलो, देऊळ दाखवलं. कुलूप, समई, सगळं जागच्या जागी. ते दोघे परत आले आणि त्यांनीच सांगितलं. मी सांगितलं असतं तर कुणी मानलं असतं की नाही, शंका आहे. त्या दंगलीत भिवंडी शांत राहिली. आणि तेव्हा खोपडे साहेबांची बदली होऊन गेलेली होती, गुलाबराव पोळ साहेब उपायुक्त होते. त्यांनी आधीच्या साहेबांची योजना म्हणून ती गुंडाळून ठेवली नाही. खात्यात हे किती दुर्मीळ आहे ते आमच्याच लोकांना विचारा.

खबरी आणि कमिटी यांत साडू नेहमी गल्लत करतात, म्हणून स्पष्ट लिहितो. खबरी अंधारात येतो, दुसऱ्याचं नाव देतो आणि त्याचा मोबदला घेतो. गल्लीला तो कोण हे कळलंच तर गल्ली पोलिसाला आणखी घाबरते. कमिटीत लोक सगळ्यांदेखत मला विचारायचे, "तुमच्या अमुक हवालदारानं हातगाडीवाल्याकडून पैसे का घेतले?" मला त्याचं उत्तर द्यावं लागायचं. खात्यातल्या निम्म्या लोकांना कमिट्या नको असतात त्या याच कारणानं. वेळ जातो वगैरे सांगायची कारणं.

पुढे दुसऱ्या एका ठाण्यात (नाव घेत नाही) मी माझ्या बीटवर (नेमून दिलेल्या भागात) हेच सुरू केलं, तर तिथले साहेब हजेरीला सगळ्यांसमोर म्हणाले, "तू शिपाई आहेस की ग्रामसेवक?" वार्षिक गोपनीय अहवालात पकडलेले आरोपी मोजतात. न झालेली मारामारी कुठल्या रकान्यात भरणार? साडूंना बक्षिसं मिळत गेली, मला गणपती बंदोबस्त मिळत गेला.

साडूंचा हुकमी पत्ता म्हणजे २००६. कबरस्तानाला लागून पोलीस ठाणं बांधण्यावरून भिवंडीत जमाव आला, गोळीबारात दोन माणसं गेली आणि मग आमच्या दोन शिपायांना जमावानं मारलं. "कुठं गेला होता तुझा विश्वास?" असं ते विचारतात. दोन सहकारी गेले, त्यावर मला वाद घालायला आवडत नाही. पण ते विचारतातच, तर माझं मत असं की जागेचा विषय बांधकामाआधी गल्लीत बसून संपवायचा असतो. कमिट्या १९८८च्या जोमानं चालल्या असत्या तर तो विषय आधी तिथंच आला असता. जिच्या बैठका थांबल्या त्या कमिटीला दोष कसला देता?

दंगलीनंतर मुंबईतही सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटीचं काम उभं केलं, ते चांगलंच होतं. १५ ऑगस्ट २००७ला गृहमंत्री आर. आर. आबांनी गावातली भांडणं गावातच मिटवायची तंटामुक्त गाव मोहीम आणली. हेतू चांगला, पण बक्षीस लावलं की गाव तंटा मिटवण्यापेक्षा लपवायला शिकतं, हे मी ग्रामीण भागात असताना पाहिलंय. पळून आलेल्या जोडप्यांची लग्नं मात्र या समित्यांनी धडाक्यात लावली. ते पुण्याचं काम.

आता तुमचं कार्ड. घेऊ नका. निदान लगेच तरी. गळ्यात कार्ड आणि बुलेटवर 'पोलीस' लिहिलेलं स्टिकर आलं की सोसायटीतले लोक तुम्हाला टाळायला लागतात, आणि ठाण्यात कामं करून देणारे दलाल असेच तयार होतात. त्यापेक्षा ठाण्यात जाऊन तुमच्या बीटचा अंमलदार कोण ते विचारा. त्याला रविवारी सोसायटीत बोलवा, वॉचमन आणि कामवाल्या बायकांनाही बसवा, सोसायटीच्या एकट्या चेअरमनवर भागवू नका. तो दोन-तीन वेळा आला आणि आधी सांगितलेल्या गोष्टीचं काय झालं ते स्वतःहून बोलला, तर खुशाल मित्र व्हा. फोटो काढून गेला तर फॉर्म रद्दीत टाका.

दोन गोष्टी राहिल्या. बायकोला मारहाण, मुलींची छेडछाड, लहान मुलांवरचे अत्याचार, यातलं काहीही बैठकीत मिटवायला घेऊ नका. तिथं मिटवणं म्हणजे तिला गप्प बसवणं, थेट गुन्हा नोंदवायचा. आणि भिवंडी शांत राहिली ती एकट्या कमिट्यांमुळे असंही मी म्हणत नाही. लूम बंद पडले तर दोन्हीकडच्या चुली बंद, हे तिथल्या माणसाला १९८४नंतर चांगलं कळलं होतं.

साडूंनाही ही लिंक पाठवतोय. त्यांच्या कुठल्या खबऱ्यानं कधी देवळाचं कुलूप बघायला माणसं नेली होती, ते त्यांनी खाली लिहावं.