मुलगा जर्मनीत आउसबिल्डुंग करतोय. इरास्मसवर तीन आठवडे फिनलंडला पाठवावं का?

तुमचा मुलगा जर्मनीत मेकॅट्रॉनिकची (यंत्रं आणि वीज दोन्हीचं काम) आउसबिल्डुंग, म्हणजे कंपनीत काम आणि शाळा असं दुहेरी व्यवसाय प्रशिक्षण करतोय, दुसरं वर्ष चालू आहे आणि शाळा त्याला इरास्मस या युरोपियन युनियनच्या योजनेतून तीन आठवडे फिनलंडच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला पाठवणार आहे, असं तुम्ही नाशिकहून लिहिलंय. पगार कापतील का, अभ्यास बुडेल का, आणि आयटीआयत असलेल्या भाच्यालाही असं जाता येईल का, हे तुमचे तीन प्रश्न. मी दक्षिण जर्मनीत मशीन बनवणाऱ्या एका कारखान्यात शिकाऊ मुलांचा प्रशिक्षक आहे. आमची मुलं बाहेर जातात, बाहेरची आमच्याकडे येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाठवा. फक्त एक कागद नीट वाचल्याशिवाय तिकीट काढू देऊ नका. त्या कागदाकडे येतोच.

आधी पगार. जर्मनीच्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यात 2005 पासून सोय आहे, की प्रशिक्षणाचा काही भाग परदेशात केला तरी तो प्रशिक्षणातच धरायचा. मर्यादा एकूण मुदतीच्या पाव हिश्श्याची. मेकॅट्रॉनिकची मुदत साडेतीन वर्षांची, म्हणजे दहा महिन्यांपर्यंत वाव आहे. तुमचे तर तीनच आठवडे. मालकाच्या संमतीनं असा गेला तर दरमहाचा भत्ता चालू राहतो. आठ आठवड्यांहून जास्त जायचं असेल तर चेंबरशी (प्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या उद्योग मंडळाशी) ठरवून आराखडा करावा लागतो, तुम्हाला ती भानगड नाही. शाळेत बुडलेले तास मात्र त्यालाच भरून काढावे लागतील. आणि तारखा बघा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटाकडे अंतिम परीक्षेचा पहिला भाग असतो, त्याला चाळीस टक्के वजन आहे. त्याच्या आधीच्या महिन्यात जाऊ नये, परीक्षा झाल्यावर खुशाल जावं.

इरास्मस म्हटलं की लोकांना विद्यापीठातली मुलं आठवतात. 1987 साली ते त्यांच्यासाठीच निघालं. हातानं काम करणाऱ्या मुलांसाठी 1995 पासून लिओनार्दो दा विंची नावाचा वेगळा कार्यक्रम होता, 2014 पासून सगळं इरास्मस प्लसच्या छत्राखाली आलं. आता कमीत कमी दहा दिवस आणि जास्तीत जास्त वर्षभर जाता येतं. अर्ज मुलानं करायचा नसतो, शाळा किंवा कंपनी करते. प्रवासाचे पैसे अंतरावरून आणि राहण्याखाण्याचे देशावरून व दिवसांवरून ठरतात. फिनलंड जास्त दराच्या गटात आहे, तरी त्याच्या खिशात थोडे जास्तीचे असू द्या.

आता तो कागद. त्याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. मुलगा तिथं काय शिकणार, कोणाच्या हाताखाली, आणि ते आलं की नाही हे कोण बघणार, हे त्यात लिहिलेलं असतं. बहुतेक घरांत हा कागद सही करायला आला की सही होते आणि तो फाइलला लागतो. आमच्या एका मुलाचं यातूनच नुकसान झालं. जागा एका मध्यस्थ संस्थेनं शोधली होती आणि कागदावर एकच ओळ होती, ‘विद्युत कामाची ओळख’. पोरगं दोन आठवडे स्टोअरमध्ये नट-बोल्ट आकारानुसार डब्यांत लावत बसलं. यजमानांचा हेतू वाईट नव्हता, पण त्याच्यासाठी काम कोणी ठरवलंच नव्हतं. परत आल्यावर त्यानं फोटो दाखवले, आणि कामाबद्दल विचारलं की गप्प बसला. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण तो कागद माझ्याही टेबलावरून गेला होता.

पुढच्या वेळी फिनलंडला, टाम्पेरेजवळच्या एका वर्कशॉपला, मुलगा पाठवला तेव्हा आम्ही आठवड्यागणिक काम लिहून घेतलं. पहिला आठवडा ड्रॉइंग वाचणं आणि विजेच्या पॅनेलची जुळणी, दुसरा वायरिंग, तिसरा चाचणी. शेवटचे दोन दिवस मी स्वतः तिथं होतो. पॅनेलसमोर आमचा मुलगा आणि शेजारी साठीचा फोरमन. फोरमन बोलतच नव्हता. वायर दोन बोटांत धरायचा, हलकासा झटका द्यायचा, पुढची. पहिले दोन दिवस हा माणूस माझ्यावर रागावलाय असंच वाटत होतं, असं मुलगा नंतर म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात अशाच झटक्यानं दोन वायरी टर्मिनलमधून निघून हातात आल्या. फोरमननं त्या तशाच लोंबत ठेवल्या आणि कॉफी प्यायला गेला. मुलानं त्या दोनच नाही, पॅनेलमधल्या सगळ्या वायरी सोडवून, टोकं पुन्हा क्रिंप करून (दाबून पक्की करून) नव्यानं बसवल्या. शेवटी चाचणीच्या कागदावर ‘वायरिंग कोणी केलं’ या रकान्यात फोरमननं त्याला स्वतःचं नाव लिहायला लावलं. आमच्याकडे पायरी-पायरीला प्रशिक्षक तपासतो, त्यामुळे चूक सापडणं हे प्रशिक्षकाचं काम आहे अशी मुलांची समजूत होते. परत आल्यापासून तो पोरगा काम दाखवायला आणण्याआधी प्रत्येक वायर ओढून बघतो. मी शिकवून दोन वर्षांत जे झालं नव्हतं ते तिथं झालं.

म्हणून मुलाला फोनवर एवढंच विचारा, ‘दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी तू काय करणार आहेस?’ उत्तर देता आलं तर कागद ठीक आहे. नाही आलं तर शाळेतल्या समन्वयक बाईंना किंवा सरांना मेल करून तपशील मागायला सांगा. ते मागणं त्याचा हक्क आहे, त्यात संकोच नको. आणि रोजच्या कामाची वही, बेरिश्ट्सहेफ्ट, तिथंही भरत राहू दे. ती वही आणि परत आल्यावर मिळणारा युरोपास मोबिलिटीचा दाखला (परदेशात काय शिकला हे सांगणारा युरोपीय कागद), दोन्ही पुढे नोकरीला जाताना दाखवता येतात.

पासपोर्ट भारतीय असेल तर दोन गोष्टी आत्ताच बघा. जर्मनीच्या निवास परवान्यावर शेंगेन देशांत (सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, फिनलंड त्यात आहे) 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. पण फिरण्याची परवानगी वेगळी आणि काम करण्याची वेगळी. वर्कशॉपमधला बिनपगारी सरावसुद्धा काम धरतात की नाही, हे फिनलंडच्या वकिलातीकडून शाळेमार्फत लेखी घ्या. दुसरं, आजारपणाचा विमा. जर्मन आरोग्य कार्डाच्या मागची युरोपीय बाजू फिनलंडमध्ये चालते, पण भारतीय नागरिकांना ती डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँडमध्ये चालत नाही. तिकडे फिरायला जाणार असेल तर वेगळा विमा काढावा. अपघात आणि नुकसानभरपाईचा विमा कोण काढणार, तेही विचारा.

भाच्याचं स्पष्ट सांगतो, कारण इथं लोक फसतात. या योजनेतून जाणारा मुलगा कार्यक्रमात सामील असलेल्या देशातल्या व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत किंवा प्रशिक्षणात दाखल असावा किंवा ते नुकतंच पूर्ण केलेला असावा लागतो. राष्ट्रीयत्व आडवं येत नाही, म्हणूनच तुमच्या मुलाला जाता येतं. भारत त्या देशांत नाही, त्यामुळे नाशिकच्या आयटीआयतून थेट असं जाता येत नाही. इरास्मस मुंडुस हे नाव ऐकलं असेल, तर ते पदवीधरांच्या मास्टर्ससाठी आहे. तेव्हा ‘आयटीआयवाल्यांना इरास्मस इंटर्नशिप’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. भाच्याला यायचंच असेल तर आयटीआय पूर्ण करून जर्मन भाषा बी 1, जमल्यास बी 2 पातळीपर्यंत करू दे आणि इथं आउसबिल्डुंगला अर्ज करू दे. मग दुसऱ्या वर्षी तोही जाईल.

मुलाचा कागद आला की नावं खोडून इथं खाली टाका. मी वाचून सांगतो.