काकूंचा डबा

प्रश्न: बदली होऊन गुहागरला आलोय, एकटाच. शेजारच्या काकू कधी फणसाची भाजी, कधी घावणे पाठवतात. मला स्वयंपाक येत नाही. डबा रिकामा कसा परत करू?

उत्तर: विकतची मिठाई भरू नका बुवा! काकू ती पाहुण्यांपुढे ठेवतील नि म्हणतील, 'कशाला हा खर्च!' मूठभर साखर घाला, चालते. खरी मदत अंगणात करा. मे महिना आहे, त्यांची आमसुलं वाळत असतील. कोकमाची सालं रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची. दिवस जातात त्यात. मध्येच वळवाची सर आली की सगळं पाण्यात. ढग दिसले की न विचारता ताटं-सुपं पडवीत घ्या. आणि गणपतीत त्यांच्याकडे आरतीला जा. झांजा येतात ना वाजवता?