गुडघ्यातलं वंगण खरंच संपतं काय?

रोप लावण संपली की दरवर्षी या सदराकडं कंबर आणि गुडघ्यांची पत्रं सुरू होतात, यंदाही तेच झालंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून बऱ्याच जणांचं दुखणं ज्यात बसेल असे पाच प्रश्न घेतलेत. नावं नेहमीसारखी काढून टाकलीत.

प्रश्न : वय ५६, येळ्ळूर. दोन्ही गुडघे दुखूलालेत, उजवा जास्त. जिना उतरताना कटकट आवाज येतोय. एक्सरे काढला तर वंगण संपलंय म्हणाले, चालणं कमी करा म्हणाले. मेडिकलमधनं गोळी आणून खाल्ली की दोन दिवस बरं वाटतंय, तसं चार महिने चाललंय. बीपीची गोळी पण आहे. आता पोरगा म्हणतोय मिरजेला जाऊन ऑपरेशनच करून टाकूया.

उत्तर : काकू, हे वंगण प्रकरण एकदाचं मिटवूया. गुडघा म्हणजे सायकलची चेन नव्हे, की तेल आटलं आणि चेन वाजायला लागली. दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, ती वयानं, वजनानं, जुन्या मारानं झिजते, तिच्यासोबत सांध्याचं आतलं अस्तर आणि बाजूचे स्नायूही बिघडतात. आणि गंमत अशी की या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात, सांध्यातल्या पातळ द्रवातनं तिला पोषण मिळतं आणि तो द्रव आत-बाहेर होतो तो गुडघा हलला, दाबला गेला की. म्हणजे 'वंगण संपलं, आता बसून राहा' हा सल्ला बरोब्बर उलटा पडतो. बसून राहिलं की मांडी बारीक होते, मांडी बारीक झाली की सगळा भार गुडघ्यावर, आणि वजन वाढतं ते वेगळंच.

आवाजाचं फार मनावर घेऊ नका. दुखत नसेल, सूज नसेल तर कटकट होऊ दे.

करायचं काय, तर मांडीचा पुढचा स्नायू धरायचा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्यानं ती खाली दाबायची, मनात दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा-पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ. आठवड्याभरानं खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा, तेही तसंच. पहिले काही दिवस जरा दुखेल, तेवढ्यावरनं सोडू नका, फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि माझ्याकडं येणारे निम्मे लोक तिसऱ्या आठवड्यातच कंटाळतात. सपाट रस्त्यावर चाला, झेपेल तेवढं. काठी घेतली तर उजवा गुडघा दुखतो म्हणून डाव्या हातात घ्यायची, बहुतेक जण उलटी घेतात. मांडी घालून आणि उकिडवं बसणं टाळा, घरात कमोड नसेल तर निदान कमोड चेअर आणा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो, म्हणजे पाच किलोचा हिशोब तुम्हीच करा.

गोळीबद्दल मात्र रागावून सांगतोय. बीपी असताना चार महिने स्वतःच्या मनानं पेनकिलर खाणं म्हणजे किडनीशी आणि पोटातल्या अल्सरशी जुगार, बीपी पण त्यानं चढतं. त्यापेक्षा डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्यावर चोळा, गुडघ्यासाठी ते बऱ्यापैकी काम करतं आणि रक्तात फार कमी जातं. किडनी ठीक आहे ना ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन एकदा तपासून घ्या.

ऑपरेशन वाईट नाही. रात्री झोप लागेना, घरातल्या घरात चालणं मुश्किल झालं आणि व्यायाम, वजन, औषध सगळं मनापासून करून झालं की सांधा बदलण्याचा विचार करायचा, मग तो मिरजेला करा नाहीतर बेळगावात. एक्सरे खराब आहे एवढ्यावर ठरवू नका, एक्सरे भयंकर आणि माणूस यल्लम्माचा डोंगर चढून येतोय असेही असतात. कापणीला यंदा मजूर लावा, स्वतः करायचंच असेल तर मधे मधे उठून उभं राहा.

प्रश्न : निपाणी, वय ३८. विड्या वळायचं काम. दोन महिने झाले, दोन्ही हातांची बोटं सुजतात, सकाळी तर मूठच वळत नाही, दहा वाजेपर्यंत कसंतरी मोकळं होतंय. कामामुळंच असेल म्हणून सोडून दिलं. एकाकडनं वातावरची पुडी आणली, पहिल्या दिवसापासनं एकदम बरं वाटलं. पण आता तोंड सुजल्यासारखं दिसतंय.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली दोन वाक्यं वाचून मी हातातला चहा खाली ठेवला.

पहिलं, सकाळचा आखडलेपणा. कामानं दुखणारा हात कामानंतर, संध्याकाळी दुखतो, आणि विडीकामात बऱ्याचदा अंगठ्याच्या बुडाशी. झिजेच्या दुखण्यात सकाळी आखडतं ते अर्ध्या तासात सुटतं. तुमची दोन्ही हातांची बोटं एकाच वेळी सुजतात, तासन्‌तास आखडतात, म्हणजे रुमॅटॉइड, आमवाताचा संशय घ्यायलाच पाहिजे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. बायकांत हा जास्त, आणि तिशी-चाळिशीतही होतो. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात, उशीर झाला तर बोटं वाकडी होतात आणि ती नंतर सरळ होत नाहीत. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी सीसीपी एवढ्या तपासण्या लागतील, आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं समजू नका, काहींचा निगेटिव्हच असतो. सूज दिसत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायचंच.

बहुतेक मेथोट्रेक्सेट नावाची गोळी मिळेल. ही आठवड्यातनं एकदाच असते. एकदाच! सोमवार तर सोमवार, कॅलेंडरवर गोल करून ठेवा. रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि अशी चूक घरोघरी होते कारण आपल्याला गोळी म्हटलं की रोजच वाटते. सोबत फॉलिक ॲसिड, मधे मधे रक्त तपासणी. मूल हवं असेल तर आधीच सांगा, गरोदरपणात ही चालत नाही.

दुसरं, ती पुडी. पहिल्याच दिवशी जादू आणि मग तोंड गोल, म्हणजे आत स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता. त्यानं साखर वाढते, हाडं पोकळ होतात. पण आज वाचून आजच फेकून देऊ नका, बरेच दिवस खाल्लेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर चक्कर येऊन माणूस कोसळू शकतो. पुडी डॉक्टरांपुढं ठेवा, लाजू नका, ते कमी करत आणतील. या आठवड्यातच जा.

प्रश्न : वडगावात यंत्रमाग आहे, वय ५१, शुगर आहे. डावा हात वरच जात नाही, शर्ट घालताना डोळ्यांत पाणी येतं.

उत्तर : दादा, हा फ्रोजन शोल्डर असणार, शुगरवाल्यांना तो जास्त होतो. आधी फक्त दुखतो, मग आखडतो, मग हळूहळू सुटतो, सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं. आधी शेक घ्या, मग पुढं वाकून हात लोंबकळता सोडून गोल फिरवा, भिंतीवर बोटं चालवत वर न्या, रोज एखादा इंच. कुणाकडं जाऊन हात ओढून 'मोकळा' करून घेऊ नका. दुखणं फार असेल तर सुरुवातीला सांध्यात स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा उपयोग होतो, फक्त त्यानंतर काही दिवस शुगर चढते. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, किती आहे ते लिहिलंच नाही तुम्ही. आणि डाव्या हाताबरोबर छातीत दाब, घाम, दम असलं काही झालं तर खांद्याचं समजून शेकत बसू नका, सरळ इमर्जन्सीला.

प्रश्न : अंगठा सुजून लाल, रात्री चादरसुद्धा लागू देत नाही. आदल्या दिवशी मटण आणि बियर. युरिक ॲसिड मात्र नॉर्मल. वय ३४, चिकोडी.

उत्तर : पायाचा अंगठा ना? गाऊट, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साठून येणारी सूज. ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, दोन-तीन आठवड्यांनी परत करा. ताप असेल तर मात्र थांबू नका, सांध्यात इन्फेक्शन तर नाही ना ते आधी बघावं लागतं. डाळ-टोमॅटो बंद करून काही साधत नाही. बियर, काळीज-गुर्दा आणि गोड कोल्ड्रिंक बंद.

प्रश्न : जांबोटीजवळचं गाव. आई ७१ वर्षांची, न्हाणीत घसरली, मनगट मोडलं. गावातल्या हाडवैद्याकडनं बांबूच्या पट्ट्या बांधून घेतल्यात. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीचं पाकीट रोज देतोय, बरोबर आहे ना?

उत्तर : पाकीट रोज? थांबवा आधी! ते ६०,००० युनिटचं असेल तर सहसा आठवड्याला एक असतं, तेही ठराविक आठवडे. रोज दिलं की रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या, तहान, बद्धकोष्ठता, बडबड सुरू होते. किती दिवस दिलंय ते डॉक्टरांना सांगून कॅल्शियम तपासा.

बोटं निळी, थंड किंवा बधिर झाली असतील, दुखणं वाढत असेल तर पट्ट्या आत्ता सोडा आणि दवाखाना गाठा. तसं नसलं तरी एक्सरे पाहिजेच, वाकडं जुळलेलं मनगट मग भाकरी थापू देत नाही. हाडवैद्यांच्या हाताला अनुभव असतो हे मी नाकारत नाही, पण आतलं हाड हातानं दिसत नाही.

उभ्या उभ्या पडून हाड मोडलं म्हणजे हाड आधीच ठिसूळ होतं, त्यामुळं हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्या. त्यात टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, त्यावर चांगली औषधं आहेत. या वयात दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, म्हणजे आंबील-भाकरी चालू ठेवा, पण दूध-दही आणि गरजेपुरती गोळी हवीच.

आणि न्हाणीतला तो दगड. तुमच्याकडं पावसात शेवाळ धरतंच, ब्लीचिंग टाकून घासा, भिंतीला धरायला पाईप ठोका, रात्रभर एक बल्ब चालू ठेवा. पुढच्या वेळी मनगटाच्या जागी खुबा असू शकतो.