सोयरीक ठरण्याआधी

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पाच वर्षांपूर्वी पुण्यात कामाला असताना घडलेली असुरक्षित शरीरसंबंधाची गोष्ट तू कोणालाच सांगितली नाहीस आणि आता तुळशीच्या लग्नानंतर मुली पाहायला जायचे ठरल्यावर तुझी झोप उडाली आहे. घडले ते योग्य की अयोग्य, यावर मी काही लिहिणार नाही. एचआयव्हीसाठीच्या रक्ताच्या तपासणीशी त्याचा संबंध नाही.

इतक्या वर्षांत साधा तापही आला नाही, मग तपासणी कशाला, असे तू विचारतोस. एचआयव्हीची लागण झालेला माणूस उपचार न घेताही आठ-दहा वर्षे वखरणी, फवारणी, कापसाची वेचणी सारे नेहमीसारखे करू शकतो आणि आतून प्रतिकारशक्ती घटत असल्याचे त्याला कळतही नाही. त्यामुळे तुझ्या धट्टेपणावरून काहीच ठरत नाही. मात्र लोटलेला काळ एका अर्थी तुझ्या सोयीचा आहे. लागणीनंतर ती तपासणीत दिसायला फार तर तीन महिने लागतात; ती मुदत केव्हाच उलटली असल्याने, मधल्या काळात पुन्हा तसा प्रसंग आला नसेल तर, निगेटिव्ह अहवालावर तू निःशंक विश्वास ठेवू शकतोस.

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, ही तपासणी मोफत होते. समुपदेशक आधी बोलतो, संमती घेतो, आणि पहिली चाचणी रिअॅक्टिव्ह, म्हणजे लागणीची शक्यता दाखवणारी, आली तरी वेगळ्या किटने पडताळल्याशिवाय कोणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. अहवाल गुप्त ठेवणे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. तरीही तालुक्याला गावचे कोणी भेटेल ही तुझी भीती मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे माणूस दवाखान्यातून परतण्याआधी बातमी पारावर पोहोचते. म्हणून हवे तर सरळ नागपूर गाठ. आधी नुसते बोलायचे असेल तर १०९७ हा एचआयव्हीबाबतच्या मदतीचा मोफत फोन क्रमांक आहे.

अहवाल पॉझिटिव्ह आलाच, तर एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या मोफत मिळतात. त्या रोज नेमाने घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. लग्नही होऊ शकते, पण त्या मुलीला आधी सारे सांगूनच. याच कारणासाठी बोलणी पुढे सरकण्यापूर्वी तू जावेस, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकट्याने जाववत नसेल तर कळव. मी बसस्थानकावर थांबेन. आत तू जा.

तुझा,
गुरुजी