वाचकांचे प्रश्न : सिगारेट, हुर्राक आणि वीर्यतपासणी

प्रश्न : माझे वय ३४ आहे. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. दिवसाला आठ-दहा सिगारेटी होतात; शनिवार-रविवारी फेणी, उन्हाळ्यात हुर्राक (काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू). पत्नीच्या तपासण्या निर्दोष आहेत. माझ्या वीर्यतपासणीत प्रति मिलिलीटर १ कोटी १० लाख शुक्राणू व २८ टक्के हालचाल आढळली. आजोबांनी जन्मभर घेतली तरी त्यांना सात मुले झाली, असे घरचे म्हणतात. व्यसनाचा परिणाम बाळाच्या जनुकांवरही होतो का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आजोबांचा दाखला घरोघरी दिला जातो, त्यावरून आपल्या शुक्राणूंविषयी काहीच ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत संख्येची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख, तर एकूण हालचालीची ४२ टक्के दिली आहे. आपले आकडे त्याखाली असले, तरी मूल होणारच नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

धुरातील कॅडमियम या विषारी धातूसारखे घटक शुक्राणूंच्या आवरणाला व डीएनएला इजा करतात, आणि ती भरून काढण्याची शुक्राणूंची क्षमता फार तोकडी असते. अतिमद्यपानाने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटते. हुर्राकाला लोक उगाच हलके समजतात. लिंबू-सोडा आणि चिरलेली मिरची घालून पेल्यांवर पेले रिचवले जातात, आणि हिशेब कोणी ठेवत नाही.

जनुकांची अक्षरे तीच राहूनही त्यांवरील मिथाइल गटांची, म्हणजे छोट्या रासायनिक खुणांची, मांडणी आणि शुक्राणूंतील सूक्ष्म आरएनए बदलू शकतात; कोणते जनुक केव्हा कार्यरत व्हावे, हे अशा खुणांवर अवलंबून असते. धूम्रपान करणाऱ्यांच्या शुक्राणूंत असे एपिजेनेटिक बदल आढळले आहेत, आणि नर उंदरांना दिलेल्या मद्याचे परिणाम त्यांच्या पिलांत दिसले आहेत. माणसांत मात्र ते अपत्यापर्यंत पोचतात असे सिद्ध झालेले नाही, शिवाय फलनानंतर यातील बऱ्याच खुणा पुसल्या जातात. तेव्हा त्या धास्तीने झोप घालवू नये.

शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस आणि पुढे परिपक्व होण्यास साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून दोन्ही व्यसने तीन महिने पूर्ण बंद ठेवून, २ ते ७ दिवस वीर्यपतन टाळून तपासणी पुन्हा करावी. मूत्ररोगतज्ज्ञांकडे जाण्यास मात्र तीन महिने थांबू नये, कारण वृषणाजवळच्या शिरा फुगल्याने, म्हणजे व्हेरिकोसीलमुळेही, असाच अहवाल येऊ शकतो. सिगारेट सोडून तंबाखू चघळायला लागणे हा पर्याय नव्हे. त्यातही निकोटिन असतेच.