चार फेल ओळी, बिघाड एकच

फॉरमॅट मारू नका, आधी हे वाचा. उबुंटू २२.०४ च्या पीसीतून जुनी हार्ड डिस्क काढली आणि तेव्हापासून बूट दीड मिनिट अडकतं, चार सर्व्हिस फेल दिसतात आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं, असं तुम्ही लिहिलंय. स्क्रीनचा फोटो टाकलात ते फार बरं केलंत.

फोटोतल्या तीन ओळी ‘डिपेंडन्सी फेल्ड’ने सुरू होतात: फाइल सिस्टिम चेक, /एमएनटी/डेटा आणि लोकल फाइल सिस्टिम्स. त्यांचा काही दोष नाही. पुढची गाडी बंद पडली म्हणून मागे खोळंबल्यात, एवढंच. दुखणं सगळ्यात वरच्या ओळीत आहे: ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस’. डिस्क काढलीत, पण /ईटीसी/एफएसटॅबमधली (बूटला कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेली फाइल) तिची नोंद तशीच राहिली. बूट होताना सिस्टिमडी, म्हणजे सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम, त्या नोंदीवरून माउंट युनिट (डिस्क फोल्डरला जोडायचं काम) बनवतं आणि डिस्कची ९० सेकंद वाट बघतं. ती आली नाही की लोकल फाइल सिस्टिम्सचं टार्गेट (बूटचा एक टप्पा) कोसळतं, आणि ते कोसळलं की इमर्जन्सी मोड ठरलेलाच.

तिथल्या प्रॉम्प्टवर ‘एलएसब्लॉक -एफ’ चालवा आणि त्यातले यूयूआयडी (प्रत्येक पार्टिशनचा ओळख क्रमांक) एफएसटॅबशी ताडून पाहा. जो यूयूआयडी यादीत सापडणार नाही, तीच ओळ. पुसू नका, सुरुवातीला # टाका, म्हणजे ती ओळ वाचली जात नाही. फाइल सेव्ह होत नसेल तर रूट (/, मुख्य फाइल सिस्टिम) रीड-ओन्ली आहे. ‘माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /’ करून पुन्हा प्रयत्न करा. रीबूटच्या आधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ नक्की चालवा, ते एफएसटॅबमधल्या चुका दाखवतं. घाईत एखादा स्वल्पविराम चुकला की पुन्हा तीच स्क्रीन.

आता कोणीतरी सांगेलच की ओळ राहू द्या, ऑप्शनमध्ये ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी बूट अडवू नको) घाला. कधी लावायची, कधी काढायची अशा डिस्कला ते योग्यच आहे, पण मी त्यात एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय. बॅकअपच्या डिस्कला नोफेल लावलं होतं. एक दिवस केबल सैल झाली, डिस्क माउंट झाली नाही, बूट मात्र गुपचूप पार पडलं. रात्रीची बॅकअप सर्व्हिस त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे खुद्द रूट पार्टिशनवर लिहीत राहिली. रूट शंभर टक्के भरलं तेव्हा कुठे कळलं. तेव्हापासून अशा सर्व्हिसच्या फाइलमधल्या युनिट सेक्शनमध्ये ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=’ लिहून पुढे त्या फोल्डरचा पाथ देतो. डिस्क नसेल तर सर्व्हिस सुरूच होत नाही. ती फेल झालेली दिसलेली परवडली.

तुमचा दुसरा प्रश्न: स्वतः लिहिलेली सर्व्हिस बूटला फेल होते, हाताने सुरू केली की चालते. तुम्ही ‘आफ्टर=नेटवर्क.टार्गेट’ लिहिलंय, त्याचा अर्थ आयपी मिळाला असा होत नाही. ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ हे आफ्टर आणि वॉन्ट्स दोन्हीत लिहा, मग ‘सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’.

एवढं करूनही अडलं तर ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’चा आउटपुट आणि एफएसटॅब इथे टाका. ‘जर्नलसीटीएल -एक्सबी’चं सगळं पुराण नको, त्या एका युनिटचं पुरे.